भट्टीचं घड्याळ

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वीज नियामक आयोग,
कफ परेड, मुंबई.



मी कोल्हापूरचा. कारखान्यांची वीजबिलं वाचून देणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्या, इचलकरंजीतली सायझिंग, चार-दोन शीतगृहं. महिन्याच्या सुरुवातीला बिल हातात पडलं की मालक ते माझ्याकडे पाठवतो. डिमांड कुठे उसळली, पॉवर फॅक्टर कुठे घसरला, कुठला आकार कशापायी लागला, हे मी त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. त्याची भाषा अगदी थोडक्यात असते : "किलोमागं किती पडलं?" तुमचे दर आदेश मी पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचतो. असं करणारी माणसं राज्यात फार नसावीत. त्या नात्याने हे पत्र.

एका फाउंड्रीपासून सुरुवात करतो. अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी, पत्र्याची शेड, एकच क्रेन. वर्षानुवर्षं इथली रीत ठरलेली : दिवसा मोल्डिंग, रात्री मेल्टिंग. दिवसभर पेट्या भरून ओळीने मांडायच्या आणि रात्री दहा वाजले की भट्टीत स्क्रॅप सोडायचं. याचं कारण दरपत्रकात होतं. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट. सकाळी नऊ ते बारा ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिटं जातात. म्हणजे नुसती रात्र निवडली की टनामागे आठ-नऊशे रुपये वाचायचे. या दीड रुपयाभोवती माणसांनी आयुष्यं बेतली. तिथला मेल्टर मला अठरा वर्षं ओळखतो. त्याच्या घरी दुपारी बारापर्यंत कुकरची शिट्टी व्हायची नाही, कारण तो झोपलेला असायचा. त्याच्या मुलीने बापाला दिवसाउजेडी जागं पाहिलं ते फक्त साप्ताहिक सुट्टीला.

२०२५ च्या दर आदेशाने हे घड्याळ उलटं फिरवलं. आता सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाचपासून मध्यरात्रीपर्यंत जादा आकार. रात्रीची जुनी सूट गेली. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. दुपारी सूर्याची वीज उदंड येते आणि संध्याकाळी ती एकदम मावळते. दुपारची वीज वापरा, संध्याकाळी हात आखडता घ्या, हे सांगण्यासाठी दरापेक्षा खणखणीत भाषा नाही. हिशेब बरोबर आहे. मेल्टरची मुलगीही खूश आहे म्हणे.

फक्त एकदा एप्रिलच्या दुपारी त्या शेडमध्ये उभं राहून बघा. भट्टीतलं मेटल साडेचौदाशे अंशांच्या वर, डोक्यावर पत्रा, आणि मोल्डिंगवाले नि ओतकाम करणारे एकाच क्रेनसाठी ताटकळलेले. पूर्वी दोन्ही कामं एकमेकांच्या वाटेत येत नव्हती. आता येतात. मोल्डिंग रात्री न्यायचं तर त्या माणसांची पाळी बदलावी लागते. दोन्ही दिवसाच ठेवायचं तर शेड वाढवा, दुसरी क्रेन घ्या, ट्रान्सफॉर्मर मोठा करा. मालकाने हा सगळा खर्च कागदावर मांडला, माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच विचारलं : "करू की. पण हे किती वर्षांसाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. पत्राचा विषय म्हणाल तर हाच.

२८ मार्च २०२५ ला आदेश निघाला. २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला. तो वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. पण क्रेनसाठी बँक देते ते कर्ज पाच-सात वर्षांचं असतं, आणि ते फेडायचं ज्या दराच्या भरवशावर, तो दर एका उन्हाळ्यात तीनदा हलला.

आता स्पर्धेबद्दल. 'उद्योगांना विजेचा बाजार खुला करा' हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवर ऐकलंय की बोलणारा कुठे थांबणार हेही मला आधी कळतं. खरं तर बाजार कधीच खुला झाला आहे. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला आपली वीज कुठूनही घ्यायची मुभा दिली, आणि ती पाच वर्षांत अमलात आणायला सांगितली. त्यालाच आपण ओपन ॲक्सेस म्हणतो. तारा महावितरणच्या, वीज तिऱ्हाइताची, तारांचं भाडं ग्राहकाने द्यायचं. मूळ कायद्यात असंही लिहिलं होतं की क्रॉस-सबसिडी हळूहळू कमी करत न्यायची आणि शेवटी संपवायची. २००७ मध्ये दुरुस्ती झाली. 'कमी करायची' राहिलं, 'संपवायची' गेलं. एका क्रियापदाची किंमत किती असते, हे मराठीच्या मास्तरांनी मला शिकवलं नाही. ते मी वीजबिलांवरून शिकलो.

तारांच्या भाड्याबद्दल कुणाची तक्रार नाही. गळती आपल्या वाट्याची सोसायची, तेही मान्य. त्यापुढे येतात दोन अधिभार. पहिला क्रॉस-सबसिडीचा. उद्योगाला वीज सरासरी खर्चापेक्षा महाग विकून त्या जादा पैशात शेतीचा आणि गरीब घरांचा दर सावरलेला असतो. उद्योग बाहेर पडला तर तो पैसा बुडतो, म्हणून जाताना तो भरून जा. राष्ट्रीय दर धोरण म्हणतं की हा अधिभार त्या ग्राहकाच्या दराच्या वीस टक्क्यांपुढे नसावा. दर साडेआठ रुपये धरला तर एक रुपया सत्तर पैसे. दुसरा अतिरिक्त अधिभार. तो मी मालकांना मंगल कार्यालयाच्या उदाहरणाने समजावतो. तुम्ही येणार म्हणून केटररला पाचशे पानं सांगितली, तुम्ही दुसऱ्या मांडवात जेवलात, आता तुमच्या न उठलेल्या पानाचे पैसे द्या. महावितरणने पंचवीस-पंचवीस वर्षांचे वीजखरेदी करार केलेत. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरावा लागतो, तो कुणाकडून तरी वसूल व्हायला हवा. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. पण पानं किती सांगायची हे ठरवताना पाहुण्याला कुणी विचारलं नव्हतं, ही त्यातली मेख.

एक्स्चेंजवर डे-अहेड बाजाराचा भाव २०२४-२५ मध्ये सरासरी साडेचार रुपयांच्या आसपास होता. पेपरात हा आकडा छापून आला की दुसऱ्या दिवशी मला फोन येतात : "साहेब, आपण साडेआठ का देतोय?" मग मी कागद घेतो. साडेचारवर अधिभार चढवा, पारेषण चढवा, वहन चढवा, दोन्हीकडची गळती चढवा. महावितरणचा डिमांड चार्ज बिलात असतोच, कारण कनेक्शन सोडलेलं नाही. वर वीज शुल्क. शेवटच्या ओळीपर्यंत जाईस्तोवर बचत रुपयाच्या आत येते. कधी पैशांत, कधी उलटी. आणि त्या पैशांसाठी स्पेशल एनर्जी मीटर, अर्ज, शेड्युल आणि रोजची डोकेदुखी.

ही रोजची डोकेदुखी जवळून पाहण्यासारखी आहे. एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव ब्लॉक असतात. उद्याच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये किती वीज हवी, कुठल्या भावापर्यंत हवी, हे आज सांगायचं. भट्टीची एक हिट पाऊण ते एक तासाची, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने तीन-चार ब्लॉक. पहिल्या ब्लॉकला पूर्ण ताकद, मेटल पातळ झालं की कमी, केमिस्ट्रीचा रिपोर्ट येईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं, मग पुन्हा तापवून ओतायचं. आता कार्बन कमी निघाला, दुरुस्त करायला वीस मिनिटं गेली, की सगळे ब्लॉक पुढे सरकले. घेतलेली वीज वाया गेली आणि न घेतलेली महाग दराने ओढली. मोठ्या स्टील प्लांटमध्ये हे बघायला चार इंजिनिअर बसवलेले असतात. आमच्याकडच्या फाउंड्रीत हेच काम अकाउंटंट करतो, जीएसटीचं रिटर्न भरून झाल्यावर.

बाजाराचं मी फक्त कौतुक करतोय असं वाटू नये म्हणून एक सांगतो. एका कारखान्याला २०२१ च्या उन्हाळ्यात एका ट्रेडरने एक्स्चेंजची चटक लावली. चार-सहा महिने बरे गेले, मालकाने मला पेढे दिले. मग ऑक्टोबरात देशभर कोळशाची टंचाई झाली आणि काही ब्लॉकचा भाव वीस रुपयांना जाऊन टेकला. तेव्हा कमाल मर्यादा तेवढीच होती. ट्रेडरचा फोन लागेना. कारखाना मुकाट्याने महावितरणकडे परतला, आणि महावितरणने वीज दिली, कारण कायद्याने ती द्यावीच लागते. केंद्रीय आयोगाने पुढे ही मर्यादा एप्रिल २०२२ मध्ये बारावर आणि एप्रिल २०२३ मध्ये दहावर आणली. आजही दुपारी स्वस्तात मिळणारं युनिट संध्याकाळी कित्येकदा त्या दहाच्या छताला डोकं लावून उभं असतं. बाजार म्हणजे माहेर नव्हे. तिथे कुणी वाट बघत बसलेलं नसतं.

अमेरिकेतल्या टेक्सासने हे आपल्यापेक्षा फार महागात शिकून घेतलं. तिथे २००२ पासून किरकोळ ग्राहकालाही आपला पुरवठादार निवडता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आलं, गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या, गॅसवरची वीजकेंद्रं बंद पडली आणि घाऊक भाव मेगावॉट-तासाला नऊ हजार डॉलरच्या मर्यादेवर सलग काही दिवस अडकून राहिला. एरवी तो तीस-चाळीसच्या घरात असतो. गॅस आणि वीज हे दोन वेगळे बाजार असल्याचं आपण समजतो. टेक्सासच्या लोकांनी ते एकाच रात्री एकत्र कोसळताना पाहिले.

म्हणूनच केंद्राच्या ऑक्टोबर २०२५ च्या वीज कायदा दुरुस्तीच्या मसुद्याबद्दल माझ्या मनात धाकधूक आहे. उद्योगावरची क्रॉस-सबसिडी पाच वर्षांत काढायची असं त्यात आहे, त्याचं स्वागतच. पण एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला पुरवठा करण्याच्या बंधनातून वितरण कंपनीला सूट देता यावी, असंही त्यात सुचवलंय. दोन्ही गोष्टी एका दमात आल्या तर मोठा कारखाना तरून जाईल. दीड मेगावॉटचा फाउंड्रीवाला मात्र ऑक्टोबर २०२१ सारख्या महिन्यात कुणाच्या दारात उभा राहणार? हा प्रश्न राज्यांच्या आयोगांच्या पदरात पडणार आहे. उत्तर आत्तापासून लिहून ठेवा.

क्रॉस-सबसिडीवर लिहिताना उद्योगवाले शेतकऱ्याला शत्रू करून टाकतात. मला ते जमत नाही, कारण माझा थोरला भाऊ शेती करतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला विहीर, पाच हॉर्सपॉवरचा पंप. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना राज्याने वीज मोफत केली, त्यामुळे त्याचं बिल शून्य आहे. माझ्या फाउंड्रीवाल्यांच्या बिलात त्याचा वाटा आहे, हे त्याला ठाऊक आहे, आणि रात्री दोनला उठून पाण्याची पाळी करताना साप चावून मेलेले शेजारी मला ठाऊक आहेत. मेल्टर रात्री जागायचा दीड रुपयासाठी आणि भाऊ रात्री जागायचा कारण शेतीच्या फीडरला वीजच रात्रीची यायची. दोघांनाही दिवस मिळावा, एवढं साधं गणित होतं.

ते गणित आता सुटू लागलंय, आणि माझा मुद्दा इथे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सोळा हजार मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालवायचा. ही वीज औष्णिक विजेपेक्षा स्वस्त पडते आणि लांबून वाहून आणावी लागत नाही. म्हणजे शेतीला वीज देण्याचा खर्चच खाली येतो. खर्च खाली आला की त्यासाठी उद्योगाकडून घ्यायची भरपाईही खाली यायला हवी. सौर फीडरचा मेगावॉट वाढला की अधिभाराचा पैसा इतका उतरेल, असं वेळापत्रक तुम्ही आज जाहीर करू शकता. कर्जाच्या सातही वर्षांचं. दर वर्षी नवी याचिका, नवी सुनावणी, नवा आकडा, असं नको. अधिभार एका रात्रीत शून्य करा असं कोल्हापुरात कुणी शहाणा माणूस मागत नाही. तो उतरत असल्याचं आम्हाला कागदावर दिसू द्या, आणि तो कागद कर्जाइतका टिकू द्या.

हीच गोष्ट सौर कॅप्टिव्हची. कायद्याने सव्वीस टक्के भांडवल आणि एक्कावन्न टक्के वापर, या अटीवर चार-सहा कारखान्यांनी मिळून एक सौर प्रकल्प घातला तर क्रॉस-सबसिडीचा अधिभार लागत नाही. आमच्याकडच्या कित्येकांनी सोलापूर, धाराशिवकडच्या प्रकल्पांत पैसे घातले. बायकोचे दागिने गहाण ठेवून घातले, असंही एक उदाहरण मला माहीत आहे. त्यांचा हिशेब बँकिंगवर उभा होता. दुपारी पिकलेलं युनिट ग्रिडकडे ठेवायचं आणि लागेल तेव्हा घ्यायचं. हे ठेवलेलं युनिट कुठल्या वेळी परत मिळेल याचे नियम बदलत गेले. बदलाला कारणं आहेत, कारण दुपारचं स्वस्त युनिट ठेवून संध्याकाळचं महाग युनिट मागणं म्हणजे शेजाऱ्याकडे ताक ठेवून तूप मागण्यासारखं आहे, हे मलाही पटतं. पण नवा नियम नव्या प्रकल्पाला लावा. ज्याने जुन्या नियमावर पैसे घातले, त्याचं कर्ज फिटेपर्यंत जुना नियम राहू द्या. सावकारसुद्धा मध्येच व्याज बदलताना खाली मान घालून बोलतो.

केंद्राने जून २०२२ मध्ये हरित ओपन ॲक्सेसची मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली. कागदावर केवढी मोठी क्रांती. पंधरा दिवसांत अर्जावर निर्णय झाला नाही तर मंजूर समजायचं, अशी तरतूदही केली. पण दीडशे किलोवॉटचा सायझिंगवाला या वाटेने जाताना मला अजून भेटायचाय. मीटर, अर्ज, शेड्युल यांचा खर्च दीडशे किलोवॉटला आणि पंधरा मेगावॉटला साधारण सारखाच. साखर कारखान्याने आम्हाला एक धडा कधीच दिलाय. एकेकट्याचा ऊस कुणी विचारत नाही, सगळ्यांच्या उसाचं मिळून गाळप होतं. औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास छोट्या ग्राहकांना मिळून एक ग्राहक म्हणून वीज घेता येईल, एकच शेड्युल देता येईल, असा नियम तुम्ही केलात तर एकाची हिट लांबली तरी दुसऱ्याची आवरलेली असेल आणि ब्लॉकचं गणित आपोआप जुळेल. सहकाराच्या या राज्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

स्पर्धा म्हटल्यावर मुंबईचं उदाहरण निघतंच. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकायचा हक्क असल्याचं ठरवलं. पुढच्या वर्षी तुमच्या आयोगाने उपनगरातल्या ग्राहकाला तारा बदलल्याशिवाय पुरवठादार बदलायची वाट काढून दिली. हे देशात इतरत्र कुठे नव्हतं. त्याच उपनगरात पुढे काय झालं तेही शिकण्यासारखं आहे. जाणाऱ्याने मागच्याचा तोटा किती भरायचा यावर वर्षानुवर्षं याचिका चालल्या आणि वकिलांची घरं उजळली. पुढे पुणे, नवी मुंबई अशा भरल्या भागांसाठी समांतर परवाना मागणाऱ्या खासगी कंपन्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी यावरूनच संप केला होता. मी कर्मचाऱ्यांच्या सगळ्या मागण्यांशी सहमत नाही, पण त्यांची एक शंका रास्त वाटते : मलईचा भाग कंपनीने नेला तर गगनबावड्याच्या वाडीला वीज कोण देणार? ग्राहकाला निवड द्या. कंपनीला शहर निवडून देऊ नका.

गॅस तुमच्या कक्षेत येत नाही, तो दिल्लीच्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा विषय. तरी दोन शब्द, कारण बिल एकाच टेबलावर येतं. फाउंड्रीत लाडल तापवायला, कास्टिंगच्या हीट ट्रीटमेंटला पूर्वी फर्नेस ऑइल जळायचं. आता पाइपचा गॅस आला. धूर गेला, बर्नर ऐकतो, भिंती काळ्या होत नाहीत. पण दिवसाला पन्नास हजार घनमीटरच्या आत गॅस लागणारा कारखाना शहर-गॅस कंपनीच्याच पदराला बांधलेला असतो, आणि आमच्याकडच्या फाउंड्रीला एवढा गॅस दिवसाला तर सोडाच, महिन्यालाही लागत नाही. जून २०२० पासून गॅसचं एक्स्चेंज आहे, पण तिथली खरेदी आमच्या दारापर्यंत आणायला पाइप त्याच कंपनीचा. वर उचला अथवा न उचला, किमान मालाचे पैसे द्यावेच लागतील, अशी अट करारात असते. राज्याने एप्रिल २०२२ पासून गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, हे फार चांगलं केलं. मात्र गॅस अजून जीएसटीबाहेर असल्यामुळे त्या तीन टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. त्याच वर्षी युक्रेन युद्धाने द्रवरूप गॅसचा आशियातला भाव पन्नास डॉलरच्या वर नेला तेव्हा मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी पाइपचा गॅस बाजूला ठेवून प्रोपेन जाळायला घेतला. त्यांना दुसरा पर्याय होता, म्हणून त्यांना भावावर बोलता आलं. स्पर्धा म्हणजे याहून वेगळं काही नसतं.

आणि गॅसचा विषय निघाला की कोकणाकडे बोट जातंच. गुहागरजवळच्या अंजनवेलच्या दाभोळ प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. निविदा नव्हती, दुसऱ्या कुणाचा भाव समोर नव्हता, आणि वीज उचलली नाही तरी पैसे मोजायची अट होती. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थेने तेव्हाच गणित मांडून धोका दाखवला होता. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. शेजारच्या गॅस टर्मिनलला लाटरोधक बांध अपुरा राहिला म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. त्या कराराने राज्य वीज मंडळाच्या ताळेबंदाचं जे केलं ते आजच्या दरातही कुठेतरी मुरलेलं आहे. स्पर्धा कशाला हवी, असं मला कुणी विचारलं तर मी अर्थशास्त्राचं पुस्तक काढत नाही. गुहागरची एसटी पकडून दाखवतो.

माझ्या मागण्या वर आल्याच आहेत, पुन्हा मांडत नाही. एक तेवढी राहिली. तुमच्या जनसुनावण्या पुण्याला होतात किंवा ऑनलाइन. ऑनलाइनमध्ये माझा नंबर येईपर्यंत लाइन म्यूट झालेली असते आणि पुण्याला यायचं तर फाउंड्रीवाल्याचा एक दिवस जातो. पुढच्या वेळी एक सुनावणी कोल्हापुरात घ्या. प्रताप होगाडे यांच्यासारखे वीज ग्राहकांची बाजू आयुष्यभर मांडणारे इचलकरंजीतच आहेत, आमच्यापेक्षा नेमकं बोलतील. सुनावणी सकाळी संपवा आणि दुपारी तीनला माझ्याबरोबर शिरोलीला चला. डोळ्याला निळी काच लावून भट्टीजवळ उभे राहा. घाम पुसायला टॉवेल आम्ही देऊ. आता मेटल दुपारीच ओततात.

आपला,
वीजबिलं वाचणारा एक कोल्हापूरकर